ऊब राहू द्या, धूर जाऊ द्या

(सातपुड्यातल्या पाड्यांवर काम करणाऱ्या सेविका, आशाताई आणि आपले देणगीदार यांच्या हिवाळ्यापूर्वीच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



दिवाळी तोंडावर आली आहे. भात, मका घरात येऊ लागला आहे आणि पहाटे अंगावर काही ओढावंसं वाटू लागलं आहे. दरवर्षी नाताळात आपण पाड्यापाड्यांवर कांबळी वाटतो. ते काम चांगलं आहे आणि ते चालूच राहील. पण आज मी कांबळ्यांपेक्षा चुलीबद्दल जास्त बोलणार आहे. सातपुड्यातलं घर हिवाळ्याची रात्र कांबळ्यावर काढत नाही, विस्तवावर काढतं. आणि तोच विस्तव घरातल्या तान्ह्या बाळाला खोकला लावतो, त्याच्या आईचे डोळे चुरचुरते ठेवतो. आपल्याला यातलं एक टिकवायचं आहे आणि दुसरं घालवायचं आहे.

जे मित्र शहरातून आले आहेत त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. नंदुरबार म्हटलं की लोकांना उन्हाळाच आठवतो. पण अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांचा डोंगराळ भाग वेगळा आहे. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरांहून उंच आहे. डाबसारख्या गावांत कडाक्याच्या थंडीत गवतावरचं दव गोठून पांढरं होतं, त्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येतात. या भागात घरं एकमेकांना लागून नसतात. ज्याचं शेत तिथं त्याचं घर, असा पाडा टेकडीभर पसरलेला असतो. म्हणजे वारा अडवायला शेजारच्या घराची भिंतसुद्धा नाही. घराच्या भिंती बांबूच्या कुडाच्या, वरून माती-शेणाचं लिंपण, छपराला कौलं. एका बाजूला माणसं आणि दुसऱ्या बाजूला गुरं.

अशा घरात विस्तव काय काय करतो, ते मोजून पाहा. भाकरी भाजतो, पाणी तापवतो, हे तर झालंच. रात्री घरातले सगळे त्याच्याभोवती झोपतात, म्हणजे तो पांघरूण होतो. वीज गेली की तो दिवा होतो. चुलीच्या वर बियाण्याची कणसं टांगलेली असतात. धुराने ती कोरडी राहतात आणि त्यांना कीड लागत नाही. छपराच्या बांबूलाही धुराचा थर बसतो, त्यामुळे भुंगा आणि वाळवी कमी लागते. म्हातारी माणसं बसतात तीही विस्तवाजवळच, आणि गोष्टी सांगितल्या जातात त्याही तिथंच.

आता आपण पाड्यावर जातो आणि सांगतो, "ताई, घरात धूर करू नका, बाळाला वाईट असतो." ताई मान डोलावते. पाहुण्यांचा मान राखायचा म्हणून ती काही बोलत नाही. पण मनात ती विचारत असते, "विस्तव विझवला तर पहाटे या लेकराला कशात गुंडाळू?" या प्रश्नाचं उत्तर आपल्याजवळ नसेल, तर आपला सल्ला कोरडा आहे. उघड्या-उपाशी माणसाला गोड शब्दांनी वाटेला लावणारा माणूस याकोबाच्या पत्रात आपल्याला भेटतो. आपण तसे होऊ नये.

धुराचं नुकसान मात्र खरं आहे आणि मोठं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातल्या धुरामुळे २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख माणसं दगावली. त्यांत पाच वर्षांखालची मुलं २ लाख ३७ हजारांहून जास्त होती. धुराच्या घरात वाढणाऱ्या बाळाला न्यूमोनिया होण्याचा धोका जवळजवळ दुप्पट असतो. हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचं चोवीस तासांचं प्रमाण दर घनमीटरला १५ मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये असं ही संघटना सांगते. उघड्या चुलीच्या खोलीत ते शेकड्यांत जातं. यातली एक सुरुवातीची मोजणी आपल्याच शेजारी झाली. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला कर्क स्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातमधल्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर यंत्रं लावून त्यांच्या श्वासातला धूर मोजला. तोपर्यंत हवेचं प्रदूषण म्हणजे कारखान्याची चिमणी, असंच सगळे धरून चालले होते.

धुराशिवाय आणखी दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे भाजणं. रांगतं मूल, उतरती जमीन आणि मध्ये उघडा जाळ. दुसरी म्हणजे मोळी. डोक्यावर वीस-पंचवीस किलोंचं ओझं घेऊन चढ चढणाऱ्या बाईला विचारा, विस्तवाची खरी किंमत काय असते. थंडीत रात्रभर जाळ ठेवायचा तर लाकूड जास्त लागतं, म्हणजे खेपाही वाढतात. गरोदरपणातही त्या चुकत नाहीत.

यावर याआधी प्रयत्न झाले नाहीत असं नाही. १९८३ साली केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. २००२मध्ये तो थांबेपर्यंत देशभर तीन कोटींहून जास्त चुली बसवल्या गेल्या. त्यांतल्या कितीतरी काही वर्षांतच मोडल्या किंवा टाकून दिल्या गेल्या. धुराडं काजळीने तुंबलं तर ते काढायचं कसं, हे घरातल्या बाईला कुणी दाखवलं नव्हतं. घरातलं मोठं भांडं त्या चुलीच्या तोंडावर बसत नव्हतं. मग २०१६च्या मे महिन्यात उज्ज्वला योजना आली आणि गॅस दुर्गम भागातही पोचला. त्याचा उपयोग नक्कीच आहे. सकाळचा चहा आणि घाईचा स्वयंपाक गॅसवर झाला तर तेवढा धूर वाचतो. ज्या घरात सिलिंडर परवडतो तिथं तो वापरायला आपण जरूर सांगावं. पण गॅसच्या शेगडीभोवती कुणी झोपत नाही. गॅस भाकरी भाजून देतो, रात्र उबदार करून देत नाही. म्हणून गॅस आलेल्या घरातही डिसेंबरच्या रात्री जाळ पेटतोच. लोकांना समजत नाही म्हणून नव्हे, तर थंडी वाजते म्हणून.

माझं म्हणणं एवढंच आहे, की आधी ऊब आणि धूर यांची फारकत करायची. घराला लागणारी ऊब जितकी आपण दुसऱ्या मार्गाने देऊ, तितका जाळ आपोआप कमी होईल. आणि जो जाळ राहील, त्याच्या धुराला वाट करून द्यायची. त्यासाठी पाच कामं आहेत. त्यांतलं एकही महागडं नाही.

पहिलं काम भिंतीचं. पावसाळ्यात कुडाचं लिंपण धुऊन जातं आणि फटी पडतात. झोपलेल्या माणसाच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून कमरेपर्यंत, त्या फटींतून गार वारा सरळ अंगावर येतो. तेवढा भाग दिवाळीच्या आत माती, शेण आणि भुसा कालवून जाडसर लिंपून घ्यायचा. वरची, कौलांखालची फट मात्र बुजवायची नाही. धूर तिथूनच जातो. घरोघर हे एक वाक्य सांगा: खालून बंद, वरून उघडं. काही ठिकाणी लोक थंडीसाठी वरची फट पोत्यांनी बुजवतात आणि खालच्या फटी तशाच राहतात. हे नेमकं उलटं होतं.

दुसरं काम अंथरुणाचं. आपण पांघरुणं देतो, पण थंडी खालूनही येते. जमिनीवर किंवा दोरीच्या खाटेवर झोपलेल्या माणसाच्या अंगातली ऊब खालच्या बाजूने निघून जाते. भाताचा पेंढा किंवा वाळलेलं गवत पोत्यात भरून शिवलं की उत्तम गादी होते. त्यावर एक गोधडी घाला. ही गादी आणि पांघरूण रोज दुपारी उन्हात टाका. दमट गोधडी कितीही जाड असली तरी ऊब धरत नाही. एका जाड कांबळ्यापेक्षा दोन पातळ पांघरुणं जास्त ऊब देतात, कारण दोन्हींच्या मध्ये हवा अडकते. पुढच्या वेळी कांबळी घेताना देणगीदारांनी हे लक्षात ठेवावं.

तिसरं काम लाकडाचं. नुकत्याच तोडलेल्या ओल्या लाकडात जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असतं. ते जाळलं की आधी पाणी उकळण्यातच जाळ खर्च होतो. ऊब मिळत नाही, नुसता धूर मिळतो. तेच लाकूड फोडून, जमिनीपासून थोडं उंच रचून, वरून झाकून आणि बाजूंनी मोकळं ठेवून पुरता उन्हाळा वाळवलं, तर कमी लाकडात जास्त ऊब आणि कितीतरी कमी धूर. पाड्यावरच्या जुन्या बाया पावसाच्या आधी सरपण भरून ठेवतात ते याचसाठी. हे ज्ञान त्यांचंच आहे, आपण फक्त त्याला बळ द्यायचं. गोठ्याला लागून सरपणाचं एक छप्पर उभारायला चार खांब आणि थोडी जुनी कौलं पुरतात. यंदाचं लाकूड ओलं असेल तर तुऱ्हाट्या आणि पऱ्हाट्या संध्याकाळसाठी वेगळ्या राखून ठेवा. त्या कोरड्या असतात आणि भराभर पेटतात. प्लास्टिकच्या पिशव्या, रबर किंवा रंगवलेलं लाकूड पेटवण्यासाठीसुद्धा घालू नका. त्यांचा धूर साध्या धुरापेक्षा कितीतरी विषारी असतो.

चौथं काम जाळाच्या पद्धतीचं. सर्वांत जास्त धूर कधी होतो? पेटवताना, आणि मोठा ओंडका रात्रभर धुमसत ठेवला तर. त्यापेक्षा संध्याकाळी दार उघडं ठेवून, बारीक फोडलेल्या कोरड्या लाकडाचा चांगला भडक जाळ करा. चुलीभोवती जाड माती आणि दगडांचा ओटा असेल तर तो तापतो आणि मग बराच वेळ ऊब देत राहतो. धूर निवला की घरातले सगळे जवळ बसू द्या. झोपताना जाळ विझवा. निखारे राखेखाली झाकून ठेवणं ही जुनी रीत आहे, पण ती फटींच्या घरातली आहे. बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी कधीही नको. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते, आणि माणूस झोपेतच जातो.

हे मी मुद्दाम सांगते, कारण आता घरं बदलत आहेत. प्रधानमंत्री आवास योजना आणि शबरी आदिवासी घरकुल योजनेतून पक्की घरं होत आहेत. ती मिळालीच पाहिजेत. पण विटांच्या भिंती, पत्रा किंवा स्लॅब आणि घट्ट बसणारी दारं-खिडक्या अशा घरात जुनी चूल नेली, तर कौलांतून जाणारा धूर आता खोलीतच कोंडतो. आणि पत्र्याचं घर रात्री कौलांच्या घरापेक्षा लवकर गार होतं, म्हणून जाळही जास्त वेळ ठेवला जातो. घर बांधतानाच गवंड्याला सांगून चुलीच्या जागी धुराड्याचं भोक आणि छताजवळ झरोका ठेवायला हवा. नंतर स्लॅब फोडायला कुणी तयार होत नाही. ज्या लाभार्थ्याच्या घराचा पाया खणला जातोय, त्याच्याकडे याच महिन्यात जा.

पाचवं काम धुराड्याचं. चूल भिंतीशी घ्यावी, धुराडं छपराच्या वर हात-दीड हात निघावं, आणि ते छपरातून जातं तिथं गवत किंवा बांबू त्याला चिकटलेला नसावा, नाहीतर आग लागते. दर पंधरा दिवसांनी काठीला चिंधी बांधून काजळी काढावी. हे एकदा आपल्या हातांनी करून दाखवा आणि दुसऱ्यांदा तिच्याकडून करवून घ्या. कणसं टांगायची जागा मात्र विसरू नका. धूर बाहेर गेला की बियाण्याला कीड लागेल, ही तिची काळजी रास्त आहे. कणसं कडक उन्हात वाळवून, राख किंवा कडुनिंबाचा पाला घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली तर बियाणं टिकतं. हे आधी सांगा, मग धुराड्याचं बोला.

आता सर्वांत नाजूक गोष्ट, नवजात बाळ. बाळाच्या अंगाची उष्णता ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस राहायला हवी. ज्याचं वजन अडीच किलोपेक्षा कमी आहे, ते बाळ फार लवकर गार पडतं. गार पडलेलं बाळ दूध ओढत नाही, आणि दूध पोटात गेलं नाही की ते आणखी गार पडतं. म्हणून आई त्याला विस्तवाजवळ घेते. तिचा हेतू बरोबर आहे, जागा चुकीची आहे. विस्तवाजवळ बाळाची एक बाजू भाजते, दुसरी गार राहते आणि श्वासात सगळा धूर जातो. बाळाला ऊब देणारी सर्वांत चांगली जागा आईची छाती आहे. बाळाला फक्त टोपी, मोजे आणि लंगोट घालायचा, ते आईच्या उघड्या छातीवर उभं धरायचं, वरून तिचं लुगडं आणि मग पांघरूण. १९७०च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातल्या बोगोटा शहरात पाळणे कमी पडले म्हणून डॉक्टरांनी ही रीत सुरू केली. आज ती जगभर मान्य आहे. आई थकली तर बाप किंवा आजी हेच करू शकते. पहिला दिवस बाळाला आंघोळ घालू नका. बाळ फार लहान असेल तर आणखी थांबा.

आपल्याच राज्यात, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या बाईला शिकवून घरच्या घरी नवजात बाळाची काळजी कशी घेता येते हे दाखवलं. १९९९मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ३९ गावांत नवजात बालमृत्यू साठ टक्क्यांहून जास्त घटले होते. बाळाला उबदार ठेवणं हा त्या कामाचा एक भाग होता. आज आशाताई बाळंतपणानंतर ठरलेल्या दिवशी घरी जातात ती पद्धत याच कामातून पुढे आली. ताई, त्या भेटीत बाळाचं वजन घेता तसंच एकदा वर छताकडे पाहा आणि एकदा अंथरुणाखाली हात घालून पाहा.

आणि श्वास मोजा. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त श्वास झाले, तर ती न्यूमोनियाची खूण समजा. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल किंवा बाळ दूध पीत नसेल, तर सकाळची वाट पाहू नका. बाळाला छातीशी धरूनच दवाखान्यात न्या. मूल भाजलं तर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी. राख, शाई, टूथपेस्ट यांतलं काही नाही.

आपल्यापैकी बरीच कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात. त्यांचा हिवाळा प्लास्टिकच्या खोपीत जातो. तिथं आत जाळ करणं म्हणजे जीव धोक्यात घालणं. निघण्यापूर्वी त्यांना गाठा. पेंढ्याची गादी तिथं करता येते, उसाचं वाळलेलं पाचट फुकट मिळतं. पांघरुणं त्यांना नाताळात नको, निघतानाच हवीत. आपण डिसेंबरच्या शेवटी पाड्यावर पोचतो तेव्हा त्यांच्या घराला काटेरी झाप लावलेला असतो.

लाकडाबद्दल एक शेवटचं. बाई मोळी घेऊन येताना कुणी अडवलं तर ती घाबरते. २००६च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबू, काटक्याकुटक्या आणि झाडांचे बुंधे येतात, आणि निस्तार हक्कही त्या कायद्यात मान्य आहेत. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने २००९मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि जंगल कसं वापरायचं, कसं राखायचं हे ग्रामसभेत ठरवलं. सरपण कुठून घ्यायचं, कोणतं झाड तोडायचं नाही, बांधावर लवकर वाढणारी झाडं कोणती लावायची, हे ग्रामसभेत बोललं गेलं पाहिजे. आणि ते बोलायला बायका तिथं असल्या पाहिजेत, कारण ओझं त्यांच्या डोक्यावर आहे.

देणगीदारांना माझी विनंती आहे. यंदाच्या हिवाळ्याच्या निधीतला काही भाग कांबळ्यांऐवजी धुराड्यांच्या नळ्या, सरपणाची छपरं आणि गाद्यांसाठी शिवलेली पोती यांना द्या. यांचे फोटो चांगले येत नाहीत. लिंपलेल्या भिंतीशेजारी हसतमुख उभं राहून कुणी फोटो काढत नाही. पण कांबळं दोन-तीन हिवाळ्यांत विरतं, आणि लाकूड वाळवायची सोय आणि धुराची वाट घरात वर्षानुवर्षं राहते.

सेविका भगिनींनो, तुमच्यासाठी एकच काम. या पंधरवड्यात ज्या घरात गरोदर बाई किंवा सहा महिन्यांच्या आतलं बाळ आहे, त्या घरांची यादी करा आणि लिंपणाला तिथून सुरुवात करा. घरात गेल्यावर आधी विस्तवाजवळ बसा, हात शेका आणि रात्री थंडी कुठून लागते ते विचारा. मग धुराचं बोला.

देव तुमच्या पायांना बळ देवो.